गरम पाणी, गिळलेला राग आणि दहा प्रश्न

चायनीज म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येते ती कोपऱ्यावरची लाल गाडी, भडकलेल्या आचेवरची कढई आणि मंचुरियन. आणि चिनी वैद्यक म्हटलं तर? प्रदर्शनात मिळणारा लाकडी रोलर, तळव्यांना टोचणारी चप्पल, नाही तर 'हा पॉइंट दाबा, शुगर पळेल' असं छातीठोकपणे सांगणारा तक्ता. चिनी माणसाला त्यातलं मंचुरियनही ओळखता येत नाही आणि तो तक्ताही फारसा नाही. त्यांच्याकडे वैद्यक आहे ते स्वयंपाकघरात, सासूच्या बोलण्यात, रोजच्या सवयींत. आपल्याकडे आजीचा बटवा असतो ना, अगदी तसंच.

नवऱ्याच्या नोकरीमुळे २०११ ते २०१५ अशी चार वर्षं आम्ही शांघायजवळच्या सुझोऊ शहरात राहिलो. मी तिथे कुठला कोर्स केला नाही. बी.ए. झालेली बाई, हाताशी वेळ भरपूर, भाषा तोडकीमोडकी. जे कळलं ते शेजारणींकडून, भाजीबाजारात आणि जिन्यात. समोरच्या फ्लॅटमधल्या आजींना मी 'आयी' म्हणायची. चिनी भाषेत 'आयी' म्हणजे मावशी किंवा काकू. पण मराठी कानाला तो शब्द 'आई' असाच ऐकू यायचा, त्यामुळे त्या घरात मला परकं असं कधी वाटलंच नाही.

तिथे पहिली गोष्ट लक्षात आली ती गरम पाण्याची. शाळेतली पोरं, बँकेतले कारकून, रिक्षावाले, सगळ्यांकडे थर्मास. आगगाडीच्या प्रत्येक डब्यात टोकाला उकळत्या पाण्याचा नळ. हॉटेलात बसलात की आधी गरम पाणी, तेही ऐन जुलैत! यामागे पोट थंड करू नये ही जुनी समजूत आहे, आणि १९५०च्या दशकात सरकारने साथी टाळण्यासाठी 'पाणी उकळूनच प्या' म्हणून लावून धरलेली मोहीमही आहे. आज तिकडच्या तरुण मुली यावर विनोद करतात. डोकं दुखो, पोट दुखो, पाळी येवो, मित्राचं उत्तर एकच, 'गरम पाणी पी जास्त.' म्हणजे काळजी केल्यासारखं दिसतं आणि जागचं हलावंही लागत नाही. हा प्राणी आपल्याही ओळखीचा आहे, नाही का?

आयी ज्याला 'यांगशंग' म्हणायच्या, त्याचा साधा अर्थ जीव पोसणं. आजार झाल्यावर औषध घ्यायचं हे नंतरचं. आधी रोजचं खाणं, झोप, हिंडणं-फिरणं आणि मन यांच्याकडे लक्ष द्यायचं. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी संकलित झालेल्या 'ह्वांगदी नेइजिंग' या त्यांच्या मूळ ग्रंथाचा सूरही हाच आहे. यिन आणि यांग हे शब्द ऐकून आपण उगाच दबकतो. मुळात यिन म्हणजे डोंगराची सावलीतली बाजू आणि यांग म्हणजे उन्हातली. डोंगर एकच. ऊन सरकेल तशा बाजू बदलतात. खाणंही तसंच तोलायचं. आमच्या गावाजवळचं यांगचंग सरोवर खेकड्यांसाठी प्रसिद्ध आहे. शरद ऋतूत तिथले केसाळ पायांचे खेकडे खायला शांघायहून लोक येतात. खेकडा 'थंड', म्हणून त्याच्याबरोबर आलं घातलेलं व्हिनेगर आणि कोमट तांदळाची वाइन आलीच. उन्हाळ्यात मुगाचं पातळ सार, थंडीत बोकडाचा रस्सा. पोराच्या तोंडात फोड आला की 'तळलेलं खाल्लंस, शांग-ह्वो झालं', म्हणजे आग वर चढली. आपण म्हणतो 'उष्णता झाली'. वाक्य तेच, फक्त चुलीची दिशा वेगळी.

आता लगेच कुणी तिथलं ऋतूंचं वेळापत्रक इथे लावायला जाऊ नये. सुझोऊत हिवाळ्यात कधीकधी बर्फ पडतो. आपल्याकडे ऑक्टोबरमध्ये घाम निथळत असतो. पण त्यांची एक कल्पना मला कोकणातल्या माहेरी फार पटली, ती म्हणजे शरीरातला 'ओलावा'. हवा दमट, अंग जड, डोकं ओल्या फडक्यात बांधल्यासारखं, जिभेवर चिकट थर, भूक मेलेली. अशा वेळी गोड, तेलकट, दुधाचं कमी करा आणि हलकं, गरम खा, असं ते सांगतात. श्रावणात आमच्या घरी नेमकं उलटं चालतं, पण तो विषय काढला तर आई जेवायला वाढणार नाही!

एक गोष्ट मात्र आधीच स्पष्ट करायला हवी, कारण तिथेच जास्त घोळ होतो. चिनी वैद्य 'तुमचं मूत्रपिंड अशक्त आहे' म्हणतो तेव्हा तो क्रिएटिनिनबद्दल बोलत नसतो. त्यांच्याकडे यकृत, प्लीहा, मूत्रपिंड ही शरीरातल्या कामांच्या गटांची नावं आहेत. भीती आणि म्हातारपण मूत्रपिंडाकडे, चिंता आणि पचन प्लीहेकडे, शोक फुप्फुसाकडे, राग यकृताकडे. ही एक भाषा आहे, सोनोग्राफीचा रिपोर्ट नव्हे. हे ध्यानात ठेवलं तर तिच्यातून बरंच काही हाती लागतं. विसरलं तर 'लिव्हरला सूज' समजून बाई रात्रभर जागते, नाही तर खरोखरच्या रिपोर्टकडे दुर्लक्ष करते.

आणि त्यात रागाचं प्रकरण तर आपण बायकांनी मुद्दाम वाचावं असं आहे. रागावणं याला चिनी भाषेत शब्दच आहे 'शंग-ची', म्हणजे ची उत्पन्न होणं. ची म्हणजे शरीरात खेळणारा जोर म्हणा, वारा म्हणा. तो खेळता असायला हवा. राग आला, बोलून मोकळं झालं, तर तो वाहून जातो. गिळला, तर यकृताची ची अडकते असं ते मानतात. मग छाती भरून येते, उसासे सुटतात, बरगड्यांखाली दुखतं, पाळी पुढेमागे होते, छोट्या गोष्टीवरून मुलांवर खेकसायला होतं. आणि घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. गिळता येत नाही, थुंकता येत नाही, तपासलं तर काही सापडत नाही.

या शेवटच्या लक्षणाचं वर्णन सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच्या चांग चुंगचिंग या वैद्याच्या नावावरच्या ग्रंथात आहे, तेही बायकांच्या आजारांच्या प्रकरणात. पुढे त्याला नाव पडलं 'आलुबुखारच्या कोयीची ची'. जणू कोय घशात रुतून बसली आहे. आजचे डॉक्टर याला 'ग्लोबस' म्हणतात. आणि आपली मराठी काय म्हणते? आवंढा गिळला. कंठ दाटला. शब्द घशातच राहिले. आपल्याकडे हे सगळं भाषेत राहिलं, दवाखान्यात पोचलंच नाही. तिथे बाईने गिळलेल्या बोलण्याला आजार म्हणून नाव मिळालं, औषध मिळालं, वैद्याने ते लिहून ठेवलं. अडकलेल्या चीवर सोंग काळातल्या सरकारी औषधशाळेच्या ग्रंथातलं एक चूर्ण आजही तिकडे बायकांना सर्रास दिलं जातं. त्याच्या नावाचा अर्थ आहे 'निवांत भटकणं'. औषधाचंच नाव भटकणं! आपल्याकडे 'कुठे भटकत होतीस' हा प्रश्न बाईला कुठल्या सुरात विचारतात, ते वेगळं सांगायला नको.

आमच्या आयी रोज संध्याकाळी सातला चौकातल्या नाचाला जायच्या. साठी-पासष्टीच्या तीसेक बायका, एक मोठा स्पीकर, रांगेत नाच. तरुण पोरं आवाजाला वैतागतात, त्यावरून भांडणंही होतात. एकदा त्यांच्या मुलाने 'गुडघे दुखतात तर कशाला जातेस' म्हणून टोकलं. त्या म्हणाल्या, "गुडघ्यांसाठी जातच नाही. यकृतासाठी जाते." आणि माझ्याकडे बघून हसल्या. दिवसभर नातवाला सांभाळणं, सुनेच्या वेळा, मुलाची चिडचिड, हे सगळं तिथेही आहेच. चीनमध्ये बाईचं फार बरं चाललंय अशा भ्रमात कुणी राहू नका. फक्त 'मला तासभर बाहेर पडायचंय' हे सांगायला त्यांच्याकडे एक मान्य कारण आहे, प्रकृतीचं. ते घरात कुणी खोडून काढत नाही.

सुझोऊच्या शेजारी वूशी नावाचं शहर आहे. तिथे १४६१ साली तान युन-श्येन नावाची मुलगी जन्मली. आजोबा वैद्य, आजीही वैद्यकात मुरलेली. आजीनेच नातीला शिकवलं. त्या काळी घरंदाज बायका परक्या पुरुष वैद्यापुढे मोकळेपणाने बोलत नसत, कधी पडद्याआडून नुसता हात पुढे करत. त्या सगळ्या या बाईंकडे यायच्या. वयाच्या पन्नाशीत, १५११ साली, तान युन-श्येन यांनी आपल्याकडच्या ३१ रुग्णांच्या हकिकतींचं एक छोटं पुस्तक काढलं. छपाईसाठीची प्रत त्यांच्या मुलाने लिहून काढली. स्त्री वैद्याच्या हातचं इतकं जुनं लिखाण चीनमध्येही दुर्मीळच. सगळ्या रुग्ण बाया आणि मुली, त्यांत हातावर पोट असलेल्याही. आणि प्रत्येकीच्या दुखण्यामागे तिचा संसार. लागोपाठची बाळंतपणं, वारंवार पडलेला गर्भ, अती कष्ट, मूल गेल्याचं दुःख, नवऱ्याने घरात दुसरी बाई आणल्याचा संताप. औषध त्या देतात, मोक्साचे चटके देतात (मोक्सा म्हणजे दवण्याच्या कुळातल्या एका वनस्पतीची वाळवलेली पानं बिंदूवर जाळणं), पण त्याआधी विचारतात. घरात काय झालं, कधीपासून झालं, कशानंतर झालं. स्वतः नव्वदी पार करून गेल्या.

ही विचारण्याची कला म्हणजे चिनी वैद्यकातलं मला सगळ्यात मोलाचं वाटलेलं सामान. पाहणं, ऐकणं (त्यात वास घेणंही आलं), विचारणं आणि नाडी धरणं असे तपासणीचे चार भाग. विचारायचं काय, याचं चांग चिंगयुए (१५६३ ते १६४०) या वैद्याने पाठांतराला सोपं पडावं म्हणून पद्यच करून ठेवलं. थंडी-ताप, घाम, डोकं आणि अंग, शौच-लघवी, खाणं, छाती, ऐकू येणं, तहान असे दहा प्रश्न. पुढच्या वैद्यांनी त्यात भर घातली की बाईला पाळीबद्दल विचारल्याशिवाय उठू नये.

परत आल्यावर इथे वस्तीत बचत गटाच्या कामात पडले, तेव्हा मी हे दहा प्रश्न मराठीत उतरवले आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहिले. निदान करायला नव्हे, त्याला डॉक्टर आहेत. पण सरकारी दवाखान्याच्या रांगेत बाईला मिळतात दोन मिनिटं, आणि त्यात ती म्हणते 'अशक्तपणा वाटतो'. डॉक्टर गोळ्या लिहून देतो, संपलं. म्हणून आम्ही आधीच बसतो. झोप कशी? मध्ये जाग येते का? तहान लागते का? हातपाय गार पडतात का? जेवायला कितव्या नंबरवर बसता? (हा प्रश्न माझा, चिनी वैद्यांचा नाही.) पाळी किती दिवस, कपडा किती वेळा बदलावा लागतो?

गटातल्या एका ताईंची गोष्ट सांगते. वय ३८, चार घरची धुणीभांडी. वर्षभर दमलेल्या. एका सभागृहातल्या मोफत शिबिरात त्यांना सांगितलं गेलं की ऊर्जा अडकली आहे, आणि चुंबकाचं एक कडं गळ्यात मारलं. फुकट नव्हे, हप्त्याने! ते घालून तीन महिने झाले होते. आमच्या बैठकीत 'काय खावंसं वाटतं' या प्रश्नावर त्या लाजल्या. मग हळूच म्हणाल्या, "ताई, पोरीच्या दप्तरातली पाटीवरची पेन्सिल खाते मी. रोज दोन-तीन." पाळीचं विचारल्यावर कळलं, नऊ-नऊ दिवस, आणि पहिले चार दिवस घराबाहेर पडायची सोय नाही. पेन्सिल, माती, कच्चे तांदूळ खावेसे वाटणं हे रक्तातलं लोह कमी झाल्याचं जुनं ओळखीचं लक्षण आहे. दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन दवाखान्यात गेले. हिमोग्लोबिन ६.४. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ. लोहाची इंजेक्शनं झाली, पुढे शस्त्रक्रिया झाली. त्या कड्याचे हप्ते मात्र त्यांनी शेवटपर्यंत फेडले, 'बोलले होते ना मी' म्हणून.

ऊर्जा अडकल्याचं ऐकलं की आता मला ते कडं आठवतं. मोबाइलवर फिरणारं ते 'अवयवांचं घड्याळ'ही तसलंच. रात्री एक ते तीन यकृत, तीन ते पाच फुप्फुस, त्या वेळी जाग आली तर तो तो अवयव बिघडलेला. असं घड्याळ चिनी ग्रंथांत आहे, खोटं नाही. पण आमच्या वस्तीतल्या निम्म्या बायकांना पहाटे तीनला जाग येते कारण नळाला पाणी तीनला येतं. त्यात फुप्फुसाचा काय दोष?

बाळंतपणाच्या बाबतीत मात्र चिनी आणि आपण सख्ख्या बहिणी. त्यांच्याकडे बाळंतिणीने 'महिना बसायचा' असतो. गार पाण्याला हात नाही, वारा नाही, जड उचलायचं नाही. तिळाच्या तेलात परतलेलं आलं, कोंबडीचा रस्सा, लाल खजुरासारखी बोरं, काळ्या साखरेचं गरम पाणी. आपला शेक, शेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर आठवा. आयींची सून बाळंत झाली ती भर जुलैत. आयींना खिडक्या बंद हव्या होत्या, सुनेला एसी. उन्हाळ्यात बंद खोलीत जाडजूड कपड्यांत ठेवलेल्या बाळंतिणींना उष्माघात झाल्याच्या बातम्या तिकडे येतात, त्यामुळे सुनेचं म्हणणं रास्तच होतं. डॉक्टरांनी आंघोळीला आणि एसीला परवानगी दिली. आयींनी तडजोड काढली, आलं उकळलेल्या पाण्याने केस धुवायचे आणि लगेच ड्रायरने वाळवायचे. एसी चालू, पण झोत अंगावर नाही. पण एका मुद्द्यावर घरात वादच नव्हता. महिनाभर सुनेने काडी इकडची तिकडे करायची नाही. शहरांतून आता पैसेवाल्यांसाठी या महिन्याची खास केंद्रं निघाली आहेत, त्यांचे दर ऐकून डोळे पांढरे होतात.

आपला सव्वा महिना कुठे गेला? नोकरदार बाईला २०१७च्या दुरुस्तीनंतर कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, तीही दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी. धुणंभांडं करणारीला काय? आमच्या वस्तीतली बाई पंधराव्या दिवशी कामावर जाते, कारण गेली नाही तर घरं सुटतात. गार पाण्यात हात घालू नकोस हे तिला कुठल्या तोंडाने सांगायचं? गटाने तीन वर्षांपूर्वी एक गोष्ट सुरू केली. बाळंतिणीच्या घरांची कामं बाकीच्या बायका सव्वा महिना वाटून घेतात, पगारातला अर्धा वाटा तिला. कधी जमतं, कधी नाही. दोन मालकिणी 'अनोळखी बाई नको' म्हणाल्या. बाकीच्यांनी चालवून घेतलं.

आता धोक्याचं. 'नैसर्गिक आहे, अपाय नाही' हे वाक्य ऐकलं की मला बेल्जियम आठवतं. १९९०च्या सुमारास ब्रुसेल्समधल्या वजन कमी करून देणाऱ्या एका क्लिनिकमध्ये बायकांना गोळ्या दिल्या गेल्या, त्यात चिनी वनस्पती होत्या. 'फांगची' नावाच्या मुळीऐवजी, नाव मिळतंजुळतं असल्याने, ॲरिस्टोलोकिया नावाच्या विषारी वेलीची मुळी त्यात आली. शंभरावर बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली. कित्येकींना डायलिसिस, प्रत्यारोपण, आणि पुढे काहींना मूत्रमार्गाचे कर्करोग. १९९३मध्ये हे वैद्यकीय नियतकालिकात आलं तेव्हा जग जागं झालं. बारीक होण्यासाठी गेलेल्या धडधाकट बायका होत्या त्या. वस्तीत आणि सोसायटीत आज 'स्लिमिंग टी'ची पाकिटं फिरतात, त्यावर काय लिहिलंय ते कुणी वाचत नाही आणि बहुतेक वेळा लिहिलेलं नसतंच.

दुसरी गोष्ट गाढवांची. बायकांचं रक्त वाढवायला म्हणून चीनमध्ये गाढवाच्या कातड्याचं एक गोंदासारखं औषध पूर्वीपासून चालतं. नाव 'अ-ज्याव'. मागणी वाढली, चीनमधली गाढवं पुरेनात, मग आफ्रिकेतली कापली जाऊ लागली. तिथल्या खेड्यात पाणी, सरपण, धान्य वाहून आणतं ते गाढव. ते चोरीला गेलं की ओझं येतं घरच्या बाईच्या डोक्यावर. शेवटी फेब्रुवारी २०२४मध्ये आफ्रिकन युनियनने कातड्यासाठी गाढवं मारण्यावर बंदी घालण्याचा निर्णय घेतला. एका बाईच्या रक्तासाठी दुसऱ्या बाईच्या मानेवर हंडा! लोहाची गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते.

पण त्याच औषधांच्या कपाटातून थू यूयू यांना काय मिळालं तेही सांगायला हवं. १९६७मध्ये हिवतापावर औषध शोधण्याची गुप्त सरकारी मोहीम सुरू झाली. १९६९पासून त्या तिच्यात होत्या. घरी दोन लहान मुली, त्यांची सोय एकीची निवासी बालवाडीत, दुसरीची आजी-आजोबांकडे. चौथ्या शतकातल्या ग हुंग यांच्या ग्रंथात त्यांना सापडलं की 'छिंगहाव' ही वनस्पती पाण्यात भिजवून पिळून घ्यायची. उकळायची नाही. त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, की उष्णतेनेच औषध मरत असणार. कमी तापमानाला अर्क काढला, उंदरांवर तपासला, मग १९७२मध्ये आधी स्वतः घेऊन पाहिला. त्यातून आर्टेमिसिनिन आलं. २०१५चं नोबेल त्यांना जाहीर झालं तेव्हा आयींनी मला बोलावून टीव्हीपुढे बसवलं. ही छिंगहावही दवण्याच्याच कुळातली, आपण चैत्रात जोतिबाला वाहतो त्या दवण्याची नातलग.

लोक विचारतात, मग तू घरात काय करतेस? थोडंच. प्रवासात मळमळणाऱ्यांसाठी मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून तीन बोटं वर, दोन शिरांसारख्या दोऱ्यांच्या मध्ये 'नेइक्वान' नावाचा बिंदू आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर त्याचा उपयोग होतो असं अभ्यासांत दिसलेलं आहे. घाटातल्या एसटीत मी तो दाबते, शिवाय खिडकीजवळ बसते. गरोदर बाईने मात्र हौसेने कुठलेही बिंदू दाबू नयेत, त्यातले काही चिनी वैद्यही त्या काळात टाळतात. सुया टोचून घ्यायच्या तर नोंदणी असलेल्याकडेच. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा आहे. सुई नवी, निर्जंतुक, पाकीट तुमच्यासमोर फोडलेलं असावं.

आणि रात्री पाय शेकणं. आयींची ही सवय मी उचलली. पोटरीपर्यंत येईल एवढ्या बादलीत गरम पाणी, आल्याचा ठेचलेला तुकडा, पंधरा मिनिटं. त्या वेळात मी कुणाच्या हाकेला उठत नाही, घरच्यांना ते आता पाठ झालंय. बैठकीत हे सांगितलं तेव्हा एकजण म्हणाली, "ताई, पंधरा मिनिटं बसले तर सासू विचारेल, काय झालं?" दुसरीने लगेच उत्तर दिलं, "सांग, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय." मी काही डॉक्टरीण नाही, पण त्यांनी ठरवूनच टाकलं. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी पाणी आधी कोपराने किंवा दुसऱ्याकडून तपासून घ्यावं आणि कोमटच ठेवावं. पायांची जाणीव कमी झालेली असेल तर चटका बसलेला कळत नाही, आणि फोड आला तर तो भरता भरत नाही.